कारखान्यातून वर्गात : दुसऱ्या व्यवसायातून आलेला रसायनशिक्षक

हळदीचा डाग पडलेला पांढरा पंचा साबणाने धुऊ लागले म्हणजे तो डाग पाहता पाहता तांबडा होतो, आणि पंचा पाण्यात खळबळून त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा दिसू लागतो. घरोघरी नित्य दिसणारी ही गोष्ट आहे. हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाची क्रिया घडवून कुंकू करण्याची जुनी रीतही हळदीच्या याच गुणधर्मावर आधारलेली आहे. रंगांच्या कारखान्यात पंधरा वर्षे काम केलेल्या रसायनज्ञास या बदलाचे कारण विचारले, तर तो एका वाक्यात सांगेल : हळदीतील कर्क्युमिन या रंगद्रव्याच्या रेणूतून अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजनचा आयन निघून जातो, रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो निराळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. हे उत्तर बरोबर आहे. परंतु नववीच्या वर्गात ते याच शब्दांत दिले, तर पन्नास मुलांच्या वहीत ते उतरेल. समजुतीत उतरेलच असे नाही.

रसायनशास्त्र जाणणे आणि ते चौदा वर्षांच्या मुलास शिकविणे या दोन कामांमधील हे अंतर आहे. औषधांचे, रंगांचे किंवा खतांचे कारखाने, अन्नपदार्थांच्या तपासणीच्या प्रयोगशाळा, पाणीपुरवठ्याची खाती अशा ठिकाणी उमेदीची वर्षे घालवून नंतर शाळेकडे वळणारी माणसे सर्वत्र आढळतात. कोणास नोकरी नकोशी झालेली असते, कोणाचा कारखाना बंद पडलेला असतो, तर कोणास स्वतःच्या मुलास शिकविताना या कामाची गोडी लागलेली असते. अशा माणसाजवळ विषयाचे ज्ञान असते, आणि तेवढ्यावर वर्ग चालेल असे त्यास वाटत असते. या समजुतीत किती तथ्य आहे व ती कोठे अपुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वी असे कोणी केले होते काय?

एका व्यवसायातून रसायनाच्या अध्यापनाकडे येणे ही काही आजचीच गोष्ट नव्हे. पंजाबातील रुचिराम साहनी (१८६३–१९४८) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्यात लागले. त्या खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. पुढे १८८७ मध्ये ते लाहोरच्या त्याच कॉलेजात अध्यापक म्हणून परतले आणि १९१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथे रसायनशास्त्र शिकवीत राहिले. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी हे त्यांचे पुत्र होत.

साहनी यांनी केवळ वर्गात शिकविले असते, तरीही त्यांचे काम मोलाचे ठरले असते. परंतु आपले गुरू प्राध्यापक ओमन यांच्यासह पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट या संस्थेच्या द्वारे त्यांनी गावोगावी पंजाबी भाषेतून व्याख्याने दिली. साबण कसा होतो, तारयंत्र कसे चालते, शहरात पिण्याचे पाणी कोठून येते, असे त्यांचे विषय असत. व्याख्यानासोबत प्रयोग करून दाखविले जात आणि दुकानदार व कारागीर मंडळीही ते पाहावयास येत. शाळांना लागणारी उपकरणे त्या काळी परदेशातून येत, महाग पडत आणि मोडली तर दुरुस्त करणारे कोणी नसे. हे पाहून साहनी यांनी लाहोरात उपकरणे बनविण्याची कार्यशाळाही काढली. विषय ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगणे, सांगण्याआधी दाखविणे आणि दाखविण्याचे साधन स्वतःच्या आटोक्यात ठेवणे, या तिन्ही गोष्टी आजच्या शिक्षकासही तितक्याच उपयोगी आहेत.

दुसरे उदाहरण इटलीतील आहे. स्तानिस्लाओ कानित्सारो याने तरुणपणी १८४८ च्या सिसिलीतील उठावात तोफखान्याचा अधिकारी म्हणून भाग घेतला होता. उठाव फसला, तेव्हा त्यास फ्रान्सला पळून जावे लागले. तेथे त्याने पुन्हा रसायनाचे काम हाती घेतले, १८५१ मध्ये तो इटलीतील अलेस्सांद्रिया येथे अध्यापक झाला आणि पुढे जेनोव्हा येथे गेला. त्या काळी अणू आणि रेणू यांतील भेदाविषयी रसायनज्ञांतच मोठा गोंधळ होता. पाण्याचे सूत्र कोणी एक लिही, कोणी दुसरे. विद्यार्थ्यांपुढे उभे राहून हा गोंधळ सांगणे अशक्य होते. म्हणून कानित्सारोने आपला पाठ्यक्रम नीट लावला आणि १८५८ मध्ये त्याचा सारांश प्रसिद्ध केला. १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूअ येथे भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेत ती छोटी पुस्तिका वाटली गेली, आणि अणुभारांविषयीचा वाद मिटण्यास तिचे मोठे साहाय्य झाले. विद्यार्थ्यांना समजावे म्हणून केलेली मांडणी शेवटी शास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडली.

प्रवेशाच्या अटी

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. भारतात शिक्षकांच्या किमान पात्रतेचे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरविते. या परिषदेस १९९३ च्या कायद्याने वैधानिक स्वरूप मिळाले. परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार नववी व दहावीच्या वर्गांस विज्ञान शिकविण्यासाठी संबंधित विषयाची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्के गुणांनी मिळविलेली असावी लागते आणि तिच्या जोडीस बी.एड. ही पदवी लागते. अकरावी व बारावीस रसायनशास्त्र शिकवावयाचे असेल, तर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशा दोन्ही पदव्या आवश्यक ठरतात.

याचा अर्थ असा की, कारखान्यातील पंधरा वर्षांचा अनुभव कितीही मोठा असला, तरी तो बी.एड.च्या जागी धरला जात नाही. हा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा असे. २०१४ च्या विनियमांनी तो दोन वर्षांचा झाला, आणि त्यात शाळेत प्रत्यक्ष काम करण्यासाठी किमान वीस आठवडे राखून ठेवण्यात आले. अभियांत्रिकीच्या पदवीधरांसही काही अटींवर या अभ्यासक्रमास प्रवेश मिळू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर पदवी किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी एका वर्षाच्या बी.एड.ची तरतूद सुचविलेली आहे. सरकारी शाळांतील जागांसाठी बहुधा वयोमर्यादा असते. यास्तव चाळिशीच्या आसपासच्या माणसाने नोकरी सोडण्यापूर्वी आपल्या राज्यातील नियम स्वतः वाचून पाहावेत, हे बरे.

इतर काही देशांनी अशा माणसांसाठी वेगळा मार्ग आखला आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९८० च्या दशकाच्या मध्यात, विषयाची पदवी असलेल्या माणसास प्रथम शाळेत नेमावे आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली काम करीत असतानाच त्याने अध्यापनाचे शिक्षण पुरे करावे, अशी योजना सुरू केली. इंग्लंडमध्येही मध्यम वयात व्यवसाय बदलणाऱ्यांना शिक्षक होण्यास मदत करणारी एक संस्था २०१६ मध्ये स्थापन झाली. या मार्गांत पगार लवकर सुरू होतो, हा मोठा लाभ होय. मात्र पोहण्याचे धडे आणि नदी पार करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच वेळी करावी लागतात. देखरेख करणारा अनुभवी शिक्षक खरोखरच जवळ असेल, तरच ते निभावते.

बी.एड.ची दोन वर्षे वाया गेली, असे पुष्कळ रसायनज्ञांना प्रथम वाटते. जे आपणांस येते ते पुन्हा का शिकावे, असा त्यांचा प्रश्न असतो. याचे उत्तर पुढील विवेचनात मिळेल.

जाणणे आणि शिकविणे

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एका लेखात असे दाखवून दिले की, शिक्षकाजवळ विषयज्ञान आणि अध्यापनाची सामान्य तंत्रे यांखेरीज आणखी एक निराळे ज्ञान असावे लागते. विषयातील कोणती गोष्ट मुलांना अवघड जाते, ती का जाते, तेथे कोणता दृष्टांत चालतो आणि कोणता फसवितो, हे ते ज्ञान होय. ते विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकात नसते आणि कारखान्यातही मिळत नाही. मुलांची उत्तरे ऐकून व त्यांच्या वह्या वाचूनच ते हळूहळू जमा होते.

एक उदाहरण घेऊ. चंचुपात्रात पाणी उकळत ठेवले आहे आणि तळापासून मोठमोठे बुडबुडे वर येत आहेत. या बुडबुड्यांत काय आहे? न्यूझीलंडमधील ऑस्बर्न व कॉसग्रोव्ह या संशोधकांनी हा प्रश्न तेथील मुलांना विचारला आणि १९८३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांनी बुडबुड्यांत हवा आहे असे सांगितले, काहींनी उष्णता आहे असे सांगितले, तर काहींनी त्यांत हायड्रोजन व ऑक्सिजन आहेत असे उत्तर दिले. बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते, हे खरे उत्तर वरच्या वर्गांतील मुलांपैकीही अनेकांना सांगता आले नाही.

यातील तिसरे उत्तर विशेष विचार करण्याजोगे आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे उत्तर लहान मुलास सुचणारच नाही. पाणी या दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहे, हे शाळेत शिकल्यानंतरच ते सुचते. म्हणजे येथे शिकविण्यातूनच एक नवी चूक निर्माण झाली. जो माणूस पंधरा वर्षे ऊर्ध्वपातनाचे काम करीत आला आहे, त्यास अशी शंका कोणास येऊ शकेल हे स्वप्नातही खरे वाटणार नाही. आणि म्हणूनच तो ती दूर करावयास जाणार नाही.

ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉन्स्टन यांनी या अडचणीचे मूळ एका त्रिकोणाच्या साहाय्याने समजावून दिले. त्यांच्या मते रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर वावरते. पहिली पातळी डोळ्यांनी दिसणाऱ्या पदार्थांची : रंग, वास, साका, वायूचे बुडबुडे. दुसरी पातळी न दिसणाऱ्या अणुरेणूंची आणि आयनांची. तिसरी पातळी चिन्हांची : सूत्रे, समीकरणे आणि आकडे. जाणकार रसायनज्ञ या तिन्ही टोकांवरून इतक्या सहज ये-जा करतो की, आपण जागा बदलली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. नवशिक्या विद्यार्थ्यास मात्र तिन्ही गोष्टी एकदम पेलत नाहीत. फळ्यावर समीकरण लिहीत असताना शिक्षक तोंडाने रेणूंविषयी बोलत असेल आणि हाताने परीक्षानळी हलवीत असेल, तर मुलाने नेमके कोठे पाहावे?

प्रारंभी दिलेल्या हळदीच्या उदाहरणात रसायनज्ञाने हीच चूक केली. तो पहिल्या पातळीवर क्षणभरही न थांबता थेट दुसरीवर गेला. अनुभवी शिक्षक त्याच विषयाचा एक संपूर्ण तास आखील. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या तो मुलांना देईल. साबणाचे पाणी, चुन्याची निवळी, लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, धुण्याच्या सोड्याचे द्रावण आणि साधे पाणी यांचा एकेक थेंब टाकावयास सांगेल, आणि काय दिसले त्याचा तक्ता करून घेईल. पट्टी कशाने लाल झाली आणि कशाने नाही, याप्रमाणे मुले पदार्थांचे दोन गट पाडतील. साध्या पाण्याचा थेंब पट्टीचा रंग बदलीत नाही आणि लिंबाचा थेंबही बदलीत नाही, मग दोन्ही सारखेच काय, अशी शंका एखादी मुलगी विचारील. त्या शंकेतून जास्वंदीच्या फुलाचा अर्क आणि पुढे लिटमस यांची गरज मुलांना आपोआप पटेल. कर्क्युमिनचे नाव त्या दिवशी निघाले नाही, तरी काही बिघडत नाही.

तिळांची मोजणी

रसायनाच्या वर्गात मुले जेथे हमखास अडखळतात, अशी जागा म्हणजे मोल ही संकल्पना होय. कारखान्यातील माणसास मोल हा नित्याच्या हिशोबाचा भाग असतो. वर्गात तो बहुधा ६.०२२ × १०²³ या अजस्र आकड्यापासून आरंभ करतो, आणि मुले त्या आकड्याच्या भाराखालीच दडपून जातात.

येथे वाण्याचे दुकान उपयोगी पडते. वाणी नारळ मोजून देतो, पण तीळ मोजून देत नाही, तोलून देतो. तरीही शंभर तिळांचे वजन एकदा काळजीपूर्वक पाहून ठेवले, तर पावशेर तिळांत किती दाणे असतील हे त्यास मोजल्यावाचून सांगता येईल. फार लहान वस्तू मोजावयाच्या असतील, तर त्या तोलाव्यात, हेच मोलचे मर्म आहे. मग दोन प्रकारचे दाणे घ्यावेत. वाटाण्याचा एक दाणा तिळाच्या दाण्याच्या जितके पट जड आहे, तितके पट जड वाटाण्यांचा ढीग केला, तर दोन्ही ढिगांत दाण्यांची संख्या सारखीच असणार. मुलांनी हे स्वतः तोलून व मोजून पाहिले म्हणजे १२ ग्रॅम कार्बन आणि २४ ग्रॅम मॅग्नेशिअम यांत अणूंची संख्या सारखीच का असते, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही. मॅग्नेशिअमचा अणू कार्बनच्या अणूच्या दुप्पट जड असतो, एवढे पुरे होते.

त्यानंतर चार चमचे पाणी एका पेल्यात घालून दाखवावे. ते सुमारे १८ ते २० ग्रॅम भरते, आणि १८ ग्रॅम पाण्यात पाण्याचा एक मोल असतो. आता तो मोठा आकडा सांगितला, तर मुलांना त्याचे भय वाटण्याऐवजी नवल वाटते. २०१९ पासून हा आकडा ६.०२२१४०७६ × १०²³ असा नेमका ठरविलेला आहे, हेही त्यांना सांगावे.

शब्दांची अडचण

प्रत्येक व्यवसायाची एक बोली असते. कारखान्यात ‘कॉस्टिक’ म्हटले की सर्वांस कळते. शाळेच्या पुस्तकात त्याच पदार्थाचे नाव सोडिअम हायड्रॉक्साइड असे असते. कारखान्यातून आलेला शिक्षक बोलण्याच्या भरात दोन्ही नावे वापरतो आणि मुलांना ते दोन निराळे पदार्थ वाटू लागतात.

महाराष्ट्राबाहेर, विशेषतः हिंदी प्रदेशात, शिकविणाऱ्या मराठी माणसापुढे आणखी एक पेच असतो. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘क्षार’ या शब्दाचा अर्थ मीठ आणि त्याच्या वर्गातील संयुगे असा आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते, असे मराठीत शिकविले जाते. हिंदी पाठ्यपुस्तकांत मात्र आम्लारीस ‘क्षारक’ म्हणतात, पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीस ‘क्षार’ म्हणतात आणि मिठाच्या वर्गास ‘लवण’ हा शब्द आहे. म्हणजे अक्षरे तीच, पण एका भाषेत तो शब्द अभिक्रियेतून निघणाऱ्या पदार्थाचा, तर दुसरीत अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थाचा वाचक आहे. इंदूर, भोपाळ किंवा रायपूर येथे घरी मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत हिंदीतून शिकणाऱ्या मुलाचा येथे घोटाळा झाला, तर त्यास मंदबुद्धी म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षकाने दोन्ही शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहून एकदाच उलगडा केला, की प्रश्न सुटतो.

सोबत काय आणावे

आतापर्यंतच्या विवेचनावरून कारखान्यातील अनुभव ही एक अडचणच आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ज्याने प्रत्यक्ष काम केले आहे, त्याच्याजवळ अशा काही गोष्टी असतात की, ज्या केवळ पुस्तकावरून शिकलेल्या शिक्षकाजवळ क्वचितच आढळतात.

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे मापनाविषयीचा प्रामाणिकपणा. शाळेत अनुमापनाचा प्रयोग करताना पुष्कळ मुले आधी उत्तर विचारून घेतात आणि ब्युरेटचे आकडे त्यास जुळवून लिहितात. कारखान्यात असे केले, तर औषधाची संपूर्ण खेप वाया जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ती बाजारात जाते. ज्याने हे पाहिले आहे, तो शिक्षक जुळविलेल्या तीन सारख्या आकड्यांपेक्षा खरे आलेले तीन किंचित वेगळे आकडे अधिक मोलाचे मानतो, आणि फरक का पडला याची चर्चा वर्गात करतो. चूक लपविण्याची नसून शोधण्याची वस्तू आहे, हा धडा मुलांना जन्मभर पुरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे विषयाचे जगातील स्थान. पाण्यात क्लोरिन किती मिसळावा, खतातील नायट्रोजन कसा मोजतात, दुधातील भेसळ कशी ओळखतात, हे ज्याने स्वतः केले आहे, त्याच्या बोलण्यास वजन असते. ‘सर, हे शिकून काय उपयोग?’ या प्रश्नास त्याच्याजवळ खरे उत्तर असते. मात्र आठवणी सांगण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत एक प्रसंग पुरे. तोही पाठाशी जोडलेला असावा.

मागे ठेवावयाच्या गोष्टीही आहेत. हाताखालच्या माणसास एकदा सांगितले की काम होते, ही अपेक्षा त्यांत प्रथम येते. वर्गात तीच गोष्ट चार रीतींनी आणि चार दिवशी सांगावी लागते, आणि त्यात मुलांचा दोष नसतो.

पन्नास मुले आणि एक बाटली

सुरक्षिततेच्या बाबतीत कारखान्यातील माणूस स्वतःस जाणता समजतो. त्याचे ज्ञान खरेच मोठे असते. पण तो ज्या परिस्थितीत ते वापरीत आला, ती परिस्थिती शाळेत नसते. कारखान्यात भोवतालचा प्रत्येक माणूस शिकविलेला असतो, विषारी वायू ओढून घेणारी कपाटे असतात, डोळे धुण्याची सोय असते. शाळेत एकटा शिक्षक जाणता, आणि समोर पन्नास कुतूहलाने पुढे वाकलेली तोंडे!

२ जानेवारी २०१४ रोजी न्यूयॉर्कमधील एका शाळेत शिक्षक मुलांना ज्वालांचे रंग दाखवीत होते. निरनिराळ्या धातूंच्या क्षारांवर मिथेनॉल ओतून ते पेटविले की ज्वाला लाल, हिरव्या, नारिंगी अशा रंगांच्या दिसतात. मिथेनॉलच्या मोठ्या बाटलीतून ओतीत असताना त्याच्या वाफेने पेट घेतला आणि दोन विद्यार्थी भाजले. त्यांतील एक गंभीर रीतीने. विशेष म्हणजे याच प्रयोगातील धोक्याविषयी अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने काही आठवड्यांपूर्वीच एक बोधपट प्रसिद्ध केला होता. २००६ मध्ये अशाच प्रयोगात भाजलेल्या एका विद्यार्थिनीची हकीकत त्यात तिच्याच तोंडून सांगितलेली आहे.

ज्वालांचे हेच रंग दाखविण्याची निर्धोक रीत पूर्वीपासून माहीत आहे. क्षारांच्या द्रावणात लाकडाच्या बारीक काड्या भिजवून ठेवाव्यात आणि एकेक काडी बर्नरच्या ज्योतीत धरावी. मिथेनॉलची गरजच उरत नाही. यावरून एक साधा नियम निघतो. प्रयोग ठरविताना तो किती चमकदार दिसेल, यापेक्षा तो बिघडला तर काय होईल, हे आधी पाहावे. पदार्थ थेंबांत घेऊन प्रयोग करण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ होत आहे. तिने खर्च वाचतो, सांडपाणी कमी होते आणि परीक्षानळी फुटली तरी अनर्थ होत नाही. ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणून एक कपाट व एक टेबल एवढेच असते, तेथे तर ही पद्धत वरदानच होय. संहत आम्लाच्या बाटल्या मुलांच्या हाती कधीही देऊ नयेत, आणि विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये, हे नियम शिक्षकाने स्वतः पाळून दाखवावेत. मुले सांगितलेले विसरतात. पाहिलेले विसरत नाहीत.

पहिले वर्ष

दुसऱ्या व्यवसायातून आलेल्या शिक्षकाचे पहिले वर्ष कठीण जाते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जो कालपर्यंत आपल्या कामातील अधिकारी पुरुष होता, तो आज शिक्षकांच्या खोलीत सर्वांत नवखा असतो. पगार बहुधा कमी होतो. वह्या तपासणे, हजेरी, परीक्षांचे काम यांत संध्याकाळ जाते. रात्री जागून तयार केलेला पाठ दहा मिनिटांत कोसळतो, आणि वयाने वीस वर्षांनी लहान असलेली शेजारच्या वर्गातील शिक्षिका तोच पाठ सहज रंगविताना दिसते. अशा वेळी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणे आणि ‘बाई, हे मला दाखवा’ असे म्हणणे, यातच शहाणपण आहे. कमीपणा वाटून जो हे करीत नाही, त्याचे दुसरे वर्षही पहिल्यासारखेच जाते.

म्हणून नोकरी सोडण्यापूर्वी काही कसोट्या घेऊन पाहाव्यात. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने आठवडाभर वर्गात बसावे. विज्ञानप्रदर्शनाच्या वेळी मुलांना मदत करावी. शक्य तर नापास झालेल्या दोन-चार मुलांना महिनाभर शिकवून पाहावे. हुशार मुलास शिकविताना आपण शिक्षक आहोत असे कोणासही वाटते. ज्यास समजत नाही, त्याच्याजवळ बसून ते नेमके कोठे अडते हे शोधण्यात ज्यास आनंद वाटतो, त्याने खुशाल या व्यवसायात यावे. ज्यास या कामाचा कंटाळा येतो, त्याने कारखान्यातच राहून देशाचे अधिक भले करावे. त्यातही काही कमीपणा नाही.

एखाद्या गावच्या शाळेत रसायन शिकविणारा शिक्षक नसेल, तर तेथील मुले समीकरणे पाठ करून परीक्षा देतात आणि पुढे हा विषय सोडून देतात. त्यांच्यापैकी कोण पुढे काय झाले असते, हे कोणासही कधी कळत नाही. त्याच शाळेत हळदीच्या कागदाच्या पन्नास पट्ट्या घेऊन एखादा माणूस वर्गात शिरला, तर निदान त्या दिवशी तरी मुले घरी जाऊन आईला विचारतील की, साबणाने डाग लाल का होतो हे तुला ठाऊक आहे काय? रसायनशास्त्र तेथून सुरू होते. पुढची वाट त्यांना दाखविण्यासाठी त्या माणसास दुसऱ्या दिवशीही वर्गात यावे लागते, तिसऱ्याही दिवशी यावे लागते. आणि शिक्षकाचा व्यवसाय तो हाच.